दिसत होतं, म्हणून आलो नाही

माझ्या मामांकडे त्यांच्या मधुमेहाची एक फाईल आहे. विकास सोसायटीचे गटसचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस; कागद हरवणं त्यांच्या लेखी पाप. अकरा वर्षांच्या साखरेच्या चिठ्ठ्या तारीखवार लावलेल्या आहेत: उपाशीपोटीची, जेवणानंतरची, तीन महिन्यांची. लघवीतल्या प्रोटीनचा रिपोर्ट आहे, दोन ईसीजी आहेत, कुठल्याशा शिबिरात तळपायाची संवेदना तपासली होती त्याचाही कागद आहे. डोळ्याच्या पडद्याचा मात्र एकही कागद नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांना उजव्या डोळ्यापुढे कोळिष्टक लोंबताना दिसलं. त्यांनी हाताने झटकलं. नजर वळेल तिकडे तेही वळू लागलं. संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यापुढे धूर दाटला. जिल्ह्याच्या गावी रेटिनाच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून आत पाहिलं आणि विचारलं, “काका, आधी का नाही आलात?”

“आधी दिसत होतं की,” मामा म्हणाले.

ऐकणारे दोघेतिघे हसले. मला मात्र तेव्हापासून वाटत आलं आहे की या आजाराबद्दल इतकं नेमकं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. आपली नेत्रसेवा ज्या समजुतीवर उभी आहे तिचा सगळा दोष त्या चार शब्दांत आहे. दिसेनासं झालं की माणूस येईल, आला की आपण उपचार करू. मोतीबिंदूला हे चालतं. मधुमेहाने बिघडणाऱ्या पडद्याला चालत नाही.

का चालत नाही हे समजायला ठिबकच्या नळ्या आठवाव्यात. नवी लॅटरल टाकली की पहिली काही वर्षं बाग सारखी भिजते. मग नळी कुठे फुगते, कुठे पाझरते, कुठे क्षार धरून चोंदते. वरून बाग हिरवीच दिसत असते. पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जास्त साखरेने हेच होतं. आधी भिंतीला बारीक फुगे येतात, मग त्यांतून पाणी, चरबी आणि रक्त झिरपू लागतं. हे पाणी पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि चेहरा ओळखतो त्या मॅक्युलात साचलं, की अक्षरं वाकडी आणि पुसट होतात. ज्या भागाचा पुरवठा चोंदला तो भाग उपाशी राहतो आणि रक्तवाहिन्या वाढवणारं एक रसायन सोडत राहतो. मग नव्या वाहिन्या फुटतात. पण घाईत टाकलेल्या पाइपलाइनसारख्या, कच्च्या आणि भलत्या जागी. त्यांतली एखादी फुटली की मामांचं कोळिष्टक. त्यांच्याभोवती जाळी धरून ती आकसली की पडदाच ओढून सुटतो.

यातली बहुतेक वर्षं माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचत असतो. मामाही वाचत होते. दोनदा चष्म्याचा नंबर काढला, दोन्ही वेळा “डोळे उत्तम” असं ऐकून घरी आले. नंबर तपासणं आणि पडदा तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. मी पुण्यात राहतो, रोज वर्तमानपत्र वाचतो, आणि मामांना दर दिवाळीला विचारतो, “साखर किती?”

आता मोतीबिंदूकडे वळू, कारण आपली सगळी सवय त्याने घडवली आहे. १९७६ साली देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचा भर प्रामुख्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवर होता. ते योग्यही होतं. महाराष्ट्राने तर त्यात नाव कमावलं. डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव न ऐकलेलं गाव सापडणार नाही. २०१७मध्ये ‘मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्र’ ही मोहीमही निघाली. गावात शिबिर, बसमधून रुग्णालय, डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताच नातवाचा चेहरा. आमदारांना फोटो मिळतो, आजीला दृष्टी मिळते. आरोग्यसेवेत इतकं लगेच फळ देणारं काम दुसरं क्वचितच असेल.

पडद्याच्या आजारात सगळं उलटं आहे. काही त्रास नसताना यायचं. तपासणीला डोळ्यात थेंब घातले की तीनचार तास अंधुक दिसतं, म्हणून गाडी चालवता येत नाही आणि सोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. आणि एवढं करून उपचार झाला तर काय मिळतं? बहुतेक वेळा आहे तेवढं टिकतं. पट्टी सोडली आणि आनंद झाला, असा प्रसंग इथे नाही. ज्यात फोटो निघत नाही त्या कामाला निधी कमी मिळतो, हे काही गुपित नाही.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाला मोतीबिंदू ६६.२ टक्के कारणीभूत निघाला आणि डायबेटिक रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहाने बिघडलेला पडदा, फक्त १.२ टक्के. मग एवढा गाजावाजा कशासाठी, असं जिल्हा पातळीवरचा एखादा अधिकारी विचारील, आणि त्याचं चुकणार नाही. त्याच्यापुढे पैसा मोजका आहे.

माझं म्हणणं असं की हे दोन आकडे एका तराजूत घालता येत नाहीत. मोतीबिंदूचा ६६ टक्क्यांचा डोंगर हा साठलेला अनुशेष आहे. उशीर झाला तरी तो बहुतेकदा फिटतो. पडद्याचा १.२ टक्का क्वचितच फिटतो, आणि तो वाढणार आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. त्यानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, प्रौढांत ११.४ टक्के. सर्वांत वर आपला गोवा, २६.४ टक्के, म्हणजे चारातला एक. मधुमेह जितका जुना तितका पडद्याला धोका जास्त. आज चाळिशीत ज्यांना साखर सापडते आहे, त्यांचे पडदे अजून दहा-पंधरा वर्षांनी बोलू लागतील. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट इंडिया अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्क्यांच्या पडद्यावर आजार सापडला आणि ४ टक्क्यांच्या बाबतीत तो दृष्टी घालवण्याइतका पुढे गेलेला होता. दहा कोटी मधुमेहींच्या देशात चार टक्के हा आकडा लहान वाटत असेल, तर एकदा स्वतः गुणाकार करून पाहावा.

यावर आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे जनजागृती. १४ नोव्हेंबरला मधुमेह दिन येतो, निळे फुगे लागतात, फलक लागतात: ‘वर्षातून एकदा डोळे तपासा.’ मला या फलकांचा राग येतो. ते चूक सांगत नाहीत. पण ते लावून झाले की आपलं काम संपलं असं लावणाऱ्याला वाटतं, आणि पुढे जे काही होईल तो रुग्णाचा हलगर्जीपणा ठरतो. माझे मामा हलगर्जी नव्हते. अकरा वर्षं दर तीन महिन्यांनी साखर तपासणाऱ्या माणसाला आपण जागृतीचे धडे द्यायचे? ते ज्या खुर्चीवर बसून रक्त देत होते, तिच्या शेजारी पडद्याचा फोटो काढणारी दुसरी खुर्ची नव्हती. त्यांना पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं असतं तर सत्तर किलोमीटर जायला लागलं असतं, तेही काही होत नसताना. आपल्यापैकी कोण गेला असता?

म्हणून माझा मुद्दा साधा आहे. मधुमेहाने होणारा डोळ्याचा आजार आपण डोळ्याच्या खात्यातून काढून साखरेच्या खात्यात टाकावा. पडद्याचा फोटो तिथेच निघावा जिथे साखर मोजली जाते: ग्रामीण रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात, तालुक्याच्या एमडी डॉक्टरांच्या दवाखान्यात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये. रक्तदाब घेतल्याशिवाय जशी चिठ्ठी पुढे सरकत नाही, तसं. टाइप-२ मधुमेहात तर निदानाच्या दिवशीच फोटो निघायला हवा, कारण साखर सापडते तेव्हा ती अनेकदा कित्येक वर्षं जुनी असते.

यात नवं काहीच नाही. इंग्लंडने २००३पासून हेच केलं. मधुमेहाची नोंद झालेल्या बारा वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीचं नाव यादीवर, यादीवरच्या प्रत्येकाला बोलावणं, आणि फोटो काढायला डॉक्टर नव्हे तर प्रशिक्षित तंत्रज्ञ. २०१४मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अंधत्वाच्या प्रमाणपत्रांचा हिशोब मांडला, तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये किमान पाच दशकांत पहिल्यांदाच कामकाजाच्या वयातल्या अंधत्वाचं पहिलं कारण मधुमेह उरलं नव्हतं. चांगली औषधंही त्या काळात आली, श्रेय एकट्या यादीला देता येत नाही. पण यादी नसती तर त्या औषधांपर्यंत माणसं वेळेत पोचली नसती.

‘इंग्लंडचं सोडा’ असं कोणी म्हणेल, तर केरळकडे पाहावं. तिथे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या कुटुंब आरोग्य केंद्रांत ‘नयनामृतम’ नावाने हाच प्रयोग झाला. परिचारिकांनी हातात धरायच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे, ते मध्यवर्ती ठिकाणी वाचले जायचे, गरज असेल त्यालाच पुढे पाठवायचं. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी आहेत, गावोगाव आशाताई आहेत, मधुमेहींच्या नोंदी कुठल्या ना कुठल्या पोर्टलवर आहेत. दोरा आहे, मणी आहेत, ओवायचं राहिलं आहे.

तंत्रज्ञानावर विसंबणारे म्हणतील, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, डॉक्टरची गरजच काय? यात तथ्य आहे. २०१६मध्ये गुगलच्या संशोधकांनी भारतातल्या रुग्णालयांतले फोटोही वापरून दाखवून दिलं की यंत्र हा आजार तज्ज्ञांच्या तोडीने ओळखू शकतं. २०१८मध्ये अमेरिकेने डॉक्टरशिवाय निकाल देणाऱ्या अशा पहिल्या यंत्रणेला मान्यताही दिली. पण गुगलची यंत्रणा थायलंडच्या सरकारी दवाखान्यांत गेली तेव्हा काय झालं हे जास्त शिकण्यासारखं आहे. पहिल्या सहा महिन्यांतल्या १८३८ फोटोंपैकी २१ टक्के यंत्राने वाचायलाच नकार दिला. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट रेंगाळत होतं, परिचारिकांना पन्नास लोकांची रांग उरकायची होती. आपल्याकडे त्यात मोतीबिंदूची भर पडेल. साठीपुढच्या माणसाचं भिंगच गढूळ असलं तर मागच्या पडद्याचा फोटो कसा यायचा? तेव्हा यंत्र जरूर घ्यावं, पण त्याबरोबर एक अंधारी खोली, चांगला पडदा लावलेली खिडकी आणि फोटो घ्यायला हात बसलेली एक व्यक्ती यांचाही खर्च धरावा. निविदेत यंत्र येतं, खिडकीचा पडदा येत नाही.

फोटो काढून पुढे उपचाराची सोय नसेल, तर मात्र तो नुसता छळ ठरेल. आणि उपचाराबद्दल मला थोडं अप्रिय बोलायचं आहे.

सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी चाचण्यांनी सिद्ध केलं की कच्च्या वाहिन्या फुटलेल्या डोळ्यात पडद्याच्या कडेला लेझरचे ठिपके दिले तर गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून कमी होतो. त्यांचे पहिले निष्कर्ष १९७६चे. योगायोगाने आपला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेच वर्ष. दुष्काळात शेतकरी कडेची झाडं सोडून देतो आणि आहे ते पाणी मधल्या बागेला देतो, तसा हा उपचार. कडेची नजर थोडी जाते, रात्री कमी दिसतं. पण मधली बाग जगते. पुढे इंजेक्शनं आली. पडद्याने सोडलेलं ते रसायन अडवणारी औषधं थेट डोळ्यात टोचतात. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात थेंबांनी बधीर केल्यावर काही क्षणांचं काम. मॅक्युलात पाणी साचलं असेल तर इंजेक्शनने गेलेली नजर थोडीफार परतही येते, जे लेझरने क्वचितच साधायचं.

पण इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही. २०१५मध्ये तीन औषधांची तुलना करणारी जी मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात पहिल्या वर्षात रुग्णांना साधारण नऊ-दहा इंजेक्शनं लागली. तीच चाचणी आणखी एक गोष्ट सांगते. बेव्हासिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी छोट्या मात्रेत वापरतात. अमेरिकेत त्याची एक मात्रा पन्नास-साठ डॉलरला पडायची, तर ॲफ्लिबरसेप्टची दोन हजारांच्या आसपास. आणि सुरुवातीची दृष्टी फार घटलेली नसेल तर तिन्ही औषधांचा गुण जवळपास सारखा निघाला. नजर बरीच गेलेली असेल तेव्हाच महागडं औषध पहिल्या वर्षी सरस ठरलं. याचा व्यावहारिक अर्थ असा की रुग्ण लवकर सापडला तर स्वस्त औषधानेही भागतं. उशिरा सापडलेला रुग्ण महाग पडतो, स्वतःला आणि सरकारलाही.

दुसरी गोष्ट गावातून येणाऱ्या रुग्णाची. नव्या वाहिन्यांच्या अवस्थेत काही डॉक्टर आता लेझर टाळून नुसत्या इंजेक्शनांवर भर देतात. फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी २०१९मध्ये अशा रुग्णांचा मागोवा घेतला जे उपचार सुरू करून सहा महिन्यांहून जास्त काळ फिरकलेच नाहीत. नुसती इंजेक्शनं घेतलेल्यांचे डोळे लेझर झालेल्यांपेक्षा बरेच वाईट अवस्थेत परतले. इंजेक्शनचा अंमल उतरतो, लेझरचा टिकतो. ऊसतोडीला सहा महिने जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या माणसाला दर महिन्याला या म्हणणं म्हणजे उपचार न करणंच. त्याच्यासाठी जुनं, स्वस्त, ‘मागासलेलं’ लेझर हाच शहाणपणाचा उपचार असू शकतो. जिल्हा रुग्णालयात चालू स्थितीतलं लेझर यंत्र आणि ते चालवणारा डॉक्टर असणं हे मला कुठल्याही नव्या औषधापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

विम्याचाही एक अनुभव. मामांच्या डाव्या डोळ्याला इंजेक्शनं लागली तेव्हा विमा कंपनीने पहिल्यांदा दावा नाकारला. रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता म्हणे. विमा नियामकाने सप्टेंबर २०१९मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आणि ते पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असं बजावलं. डोळ्यातलं इंजेक्शन त्या यादीत आहे. ते परिपत्रक छापून जोडल्यावर पैसे मिळाले, तेही मर्यादेपुरते, कारण उपमर्यादा घालायची मुभा त्यात कंपन्यांना होती. मामांचा भाचा परिपत्रकं शोधू शकतो. प्रत्येकाला असा भाचा नसतो.

फोटो साखरेच्या डॉक्टरांपुढे असावा याचं आणखी एक कारण आहे, आणि ते येत्या काळात मोठं होणार आहे. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं हा पडद्याचा पहिला उपचार, यात वाद नाही. १९९३च्या डीसीसीटी चाचणीत टाइप-१ (बहुधा लहान वयात सुरू होणाऱ्या) मधुमेहाच्या रुग्णांनी साखर कडक सांभाळली तेव्हा नव्याने पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण साखर फार झपाट्याने खाली आणली, तर आधीच बिघडलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो, हेही त्याच चाचणीत दिसलं होतं. २०१६मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या इंजेक्शनच्या एका मोठ्या चाचणीत पडद्याच्या तक्रारी वाढलेल्या आढळल्या, आणि त्याचं स्पष्टीकरण पुष्कळ अंशी याच झपाट्यात शोधलं जातं. आता वजन उतरवणारी ही इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली आहेत, लग्नसराईच्या आधी घ्यायची म्हणून विचारणाही होते. औषध वाईट नाही. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने आधी पडदा पाहिला पाहिजे, आणि तो पाहायला त्याच्या टेबलाजवळ फोटो पाहिजे. मधुमेही बाई गरोदर राहिली तर पहिल्या तीन महिन्यांत पडदा तपासायचा असतो, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो. हे किती सुईणताई, किती सासवा आणि किती डॉक्टर लक्षात ठेवतात?

मामांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आतलं रक्त काढलं, पण त्या डोळ्याने त्यांना आता एसटीची पाटी वाचता येत नाही. डावा लेझर आणि इंजेक्शनांवर टिकून आहे, त्यावर ते फाईल लावतात.

तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी मामी सोबत होत्या. त्यांना सात वर्षं साखर आहे, “थोडीशी, बॉर्डरवर,” असं त्या म्हणतात. मामांना आत घेतलं होतं, बाहेर कॅमेऱ्याची खुर्ची रिकामी होती. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने सहज विचारलं, “मावशी, तुम्हालाही शुगर आहे का? मग बसा ना, हनुवटी इथे टेका.” मामी पदर सावरून बसल्या. पाचेक मिनिटांत दोन्ही डोळ्यांचे फोटो निघाले. डाव्या पडद्यावर मॅक्युलापासून जरा दूर लाल ठिपके होते, चारपाच. उपचार काही नाही, साखर आणि बीपी सांभाळा, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

मामांनी तो कागद भोक पाडून आपल्याच फाईलमध्ये लावला, आणि पुठ्ठ्यावर आपल्या नावाखाली मामींचं नाव लिहिलं.